पेशींचा शेजार : गॉटलीब हाबरलांट

बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटची डोंगररांग गेली आहे. रांगेच्या उत्तरेस गेवराई-माजलगावकडची गोदाकाठची जमीन काळी व कसदार, तर डोंगरावरील जमीन हलकी व मुरमाड. पावसाळा सरत आला की या भागात रब्बी ज्वारीची पेरणी होते. पुढे पाऊस जवळजवळ नसतोच. जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ज्वारी वाढते, पोटरीत येते आणि हुरड्याला येते. कधी कधी अशा बहरलेल्या पिकाच्या पानांवर एक चकाकणारा चिकट थर पसरतो. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. हे मावा नावाच्या बारीक किडीचे काम होय. मावा पानाच्या शिरेत सोंड खुपसून रस शोषतो, आणि पोटात न मावणारी साखर पानावर टाकतो. चिकट्याने पिकाची हानी होते, परंतु जाणाऱ्याला तो एक गोष्ट मात्र सांगून जातो : ज्वारीच्या पानाच्या शिरांतून अहोरात्र साखर वाहत असते.

ही साखर मुळांनी जमिनीतून आणलेली नसते. ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पानातच तयार होते. पान असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते आणि प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. मग भिंतीआड तयार झालेले द्रव्य शेजारच्या पेशीत, तिच्यातून पुढच्या पेशीत आणि अखेर शिरेपर्यंत कोणत्या वाटेने जाते? एक पेशी दुसरीला काय देते, आणि दुसरीकडून काय घेते? या प्रश्नाच्या मागे ज्यांनी आपले दीर्घ आयुष्य वेचले, त्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव गॉटलीब हाबरलांट.

हाबरलांट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५४ रोजी, त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या उंगारिश-आल्टेनबुर्ग या गावी झाला. हे गाव आज हंगेरी देशात मोडते. त्यांचे वडील फ्रीड्रिख हाबरलांट हे तेथील कृषिविद्यालयात प्राध्यापक होते. १८७३ मध्ये व्हिएन्ना शहरी मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे चीन व जपान या देशांतून आलेले सोयाबीनचे बियाणे फ्रीड्रिख यांनी मिळविले, ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांना देऊन त्याची लागवड करविली आणि १८७८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. युरोपच्या शेतकऱ्याला सोयाबीनची ओळख करून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. अंबाजोगाई-केज भागात आज खरिपात दूरवर दिसणारे सोयाबीन पाहिले, म्हणजे ज्या घरात त्याचा एवढा ध्यास होता, त्या घरातील मुलाला रोपांचे वेड लागावे यात नवल वाटत नाही.

मुलाने मात्र पिकापेक्षा पेशीकडे लक्ष वळविले. व्हिएन्ना विद्यापीठातून १८७६ मध्ये पदवी मिळाल्यावर तरुण हाबरलांट जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे श्वेंडेनर या विख्यात शास्त्रज्ञाकडे गेले. श्वेंडेनर हे वनस्पतीच्या खोडाकडे एखाद्या स्थापत्यविशारदाच्या दृष्टीने पाहत. वाऱ्याने वाकणाऱ्या खोडात बळकट धागे जेथे हवेत नेमके तेथेच असतात. लोखंडी पुलाच्या तुळयांची मांडणी जशी हिशेबाने केलेली असते, तशीच ही मांडणी, असे त्यांचे प्रतिपादन होते. हाबरलांट यांनी हा विचार खोडापुरता ठेवला नाही. वनस्पतीच्या प्रत्येक ऊतीची, म्हणजे एकसारख्या पेशींच्या प्रत्येक समूहाची घडण तिच्या कामाला अनुसरून असली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. तोपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहाव्यात, त्यांची चित्रे काढावीत, त्यांना नावे द्यावीत, येथेच पुष्कळांचा अभ्यास थांबत असे. ही पेशी येथे का आहे, ती काय करते, हा प्रश्न हाबरलांट पुढे विचारीत.

१८८० च्या सुमारास ते ऑस्ट्रियातील ग्राट्स या शहरी शिकवू लागले, आणि तेथेच १८८४ मध्ये त्यांनी वनस्पतींच्या शरीररचनेचा तिच्या कार्याच्या आधारे विचार करणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते. पुढील चाळीस वर्षांत या ग्रंथाच्या सहा आवृत्त्या निघाल्या व १९१४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले.

याच ग्रंथात पानांची एक विलक्षण रचना वर्णिलेली आहे. ती पाहण्यासाठी दूर जावयास नको. ज्वारीच्या ताज्या पानाचा आडवा, अगदी पातळ काप धारदार पात्याने घ्यावा आणि शाळेतील सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवावा. पानातील शिरा बारीक ठिपक्यांसारख्या ओळीने दिसतात. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचे एक कडे असते आणि त्या कड्याच्या बाहेर फिकट हिरव्या पेशींचा दुसरा वेढा असतो. फुलांची माळ गोल मांडून ठेवावी तसे हे दृश्य दिसते. जर्मन भाषेत माळेला क्रांट्स म्हणतात, आणि तेच नाव या रचनेला मिळाले. ज्वारी, बाजरी, मका व ऊस या सर्वांच्या पानांत ही माळ आहे. गहू, हरभरा, कापूस, सोयाबीन यांच्या पानांत ती नाही.

एकाच पानात हिरव्या पेशींचे दोन निरनिराळे थर कशासाठी असावेत? दोन्ही थरांत हरितद्रव्य आहे. म्हणजे दोन्ही सूर्यप्रकाश वापरू शकतात. हाबरलांट यांनी असा तर्क केला, की या दोन थरांनी काम वाटून घेतले असावे. कोणता थर कोणते काम करतो, हे मात्र त्यांना सांगता येईना. पेशीच्या आत चालणारी रासायनिक घडामोड पाहण्याचे साधन त्या काळी कोणाच्याही हाती नव्हते. त्यांनी तर्क लिहून ठेवला. पुरावा नसताना त्याला सिद्धांताचे रूप देण्याचा मोह त्यांनी टाळला. ही माळ त्यांच्या हयातीत कोड्यासारखीच राहिली.

बाहेरच्या थराने आतल्या थराशी काही देवघेव करावयाची, तर मधल्या भिंतींना वाट हवी. ती वाट त्याच सुमारास सापडली होती. चेर्नोवित्स येथील प्राध्यापक एडुआर्ड टांगल यांनी १८७९ मध्ये काजऱ्याच्या बीचा काप पाहिला. काजरा, अर्थात कुचला, हा आपल्या कोकणच्या रानातही आढळणारा विषारी वृक्ष. त्याच्या बीतील पेशींच्या भिंती फार जाड असतात, आणि त्या जाड भिंतींतून केसाहूनही सूक्ष्म रेषा आरपार गेलेल्या टांगल यांना दिसल्या. दोन शेजारच्या पेशींतील जीवद्रव्य या बारीक तंतूंनी जोडलेले आहे असे त्यांनी सांगितले. वनस्पतीची पेशी म्हणजे चोहोबाजूंनी बंद असलेली खोली, ही समजूत तेव्हापासून डळमळली. हे तंतू किती बारीक असतात? एका मिलिमीटरचे वीस हजार भाग करावेत आणि त्यांतील एक घ्यावा, सुमारे तेवढी त्यांची जाडी. त्यांची आतली रचना दिसण्यास विजेऱ्यांचा सूक्ष्मदर्शक, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, यावा लागला.

हाबरलांट आता शेजारच्या पेशींत जाणाऱ्या निरोपांचा विचार करू लागले. लाजाळूच्या एका पानाला बोट लावले तर दूरची पानेही मिटतात. हा निरोप कसा जातो, यावर त्यांनी १८९० मध्ये एक पुस्तक लिहिले. शिरांच्या मऊ भागात त्यांना लांब नळ्यांसारख्या पेशी आढळल्या होत्या. त्यांतील पाण्याच्या दाबाचा धक्का पुढे सरकतो व तोच निरोप, असे त्यांचे मत होते. पुढे कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी सूक्ष्म यंत्रांच्या साहाय्याने दाखविले, की लाजाळूतून जाणारा निरोप प्राण्यांच्या मज्जातंतूंप्रमाणे विद्युत्-स्वरूपाचा असतो. विजेचा भाग आता सर्वमान्य आहे. हाबरलांट यांचे उत्तर अपुरे ठरले, परंतु निरोप ज्या मऊ भागातून जातो असे त्यांनी म्हटले होते, त्याचे महत्त्व कायम राहिले.

१८८८ मध्ये ते ग्राट्स विद्यापीठात मुख्य प्राध्यापक झाले. १८९१ साली त्यांनी जावा बेटाचा प्रवास केला आणि ब्यूटेनझोर्ग येथील, म्हणजे आजच्या बोगोरमधील, जगप्रसिद्ध उद्यानात राहून उष्ण प्रदेशातील वनस्पतींचा अभ्यास केला. या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वर्णन सामान्य वाचकांनाही आवडले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी प्रयोग अजून व्हावयाचा होता. पेशी शेजारणींच्या संगतीत कशी वागते हे ते इतकी वर्षे पाहत आले होते. तिला शेजारच राहिला नाही, तर ती काय करील? पानातून एकच पेशी अलग काढावी, तिला पाणी, क्षार व साखर पुरवावी आणि पाहावे, असा विचार त्यांनी केला. वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीत संपूर्ण रोप घडविण्याची शक्ती सुप्त असली पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. अशी एकटी पेशी वाढून तिच्यापासून एक दिवस गर्भ तयार करता येईल, असे भाकीतही त्यांनी केले.

या प्रयोगांसाठी त्यांनी निरनिराळ्या वनस्पती घेतल्या. त्यांत आपल्याकडे नद्या-तलाव व्यापून टाकणारी जलपर्णीही होती. अलग केलेल्या पेशी मोठ्या काळजीने काचपात्रांत ठेवण्यात आल्या. त्या लगेच मेल्या नाहीत. काही पेशी कित्येक आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, काहींच्या भिंती जाड झाल्या, साखर मिळाल्यावर काहींनी पिष्ट साठविले. हाबरलांट दररोज एकाच गोष्टीची वाट पाहत होते : एका पेशीच्या दोन पेशी केव्हा होतात. ते कधीच घडले नाही. एकही पेशी दुभंगली नाही.

१९०२ मध्ये त्यांनी हा सारा वृत्तांत व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. प्रयोग फसला हे त्यांनी कोठेही लपविले नाही. काय केले, काय घडले, काय घडले नाही, हे त्यांनी जसेच्या तसे लिहिले. फसलेल्या प्रयोगाचा लेख एवढा वाचला गेल्याची उदाहरणे विज्ञानात फार थोडी सापडतील. बीजाच्या आत वाढणाऱ्या गर्भाभोवतीचा रस अशा पेशींना घालून पाहावा, अशीही एक सूचना त्या लेखात होती. तिच्याकडे पुष्कळ वर्षे कोणी फिरकले नाही. १९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी धोत्र्याच्या कोवळ्या गर्भांना नारळाचे पाणी घातले आणि ते जोमाने वाढले. नारळाचे पाणी हा तसाच, गर्भाच्या पोषणासाठी असलेला रस आहे.

अपयशाने हाबरलांट यांचा प्रश्न सुटला नाही, परंतु तो नेमका झाला. शेजार सुटलेली पेशी दुभंगत नाही. तर मग शेजार तिला असे काय देतो, की ज्याच्या बळावर ती दुभंगते?

१९१० मध्ये त्यांना बर्लिन विद्यापीठात आपल्या गुरूंच्या, श्वेंडेनर यांच्या जागी बोलावण्यात आले. तेथे त्यांनी हाती घेतला साधा बटाटा. बटाट्याच्या गराचे त्यांनी अगदी लहान व पातळ तुकडे केले. ज्या तुकड्यात शिरेचा अंश होता, त्यातील पेशी दुभंगू लागल्या. ज्यात तो नव्हता, त्यातील पेशी बहुधा स्वस्थ राहिल्या. मग त्यांनी शिर नसलेल्या तुकड्यावर शिर असलेला दुसरा तुकडा चिकटविला आणि दोहोंच्या मध्ये आगर या पदार्थाचा पातळ थर ठेवला. आगरातून पेशी पलीकडे जाऊ शकत नाहीत. विरघळलेले द्रव्य मात्र झिरपते. तरीही शिर नसलेल्या तुकड्यातील पेशी दुभंगल्या. शिरेच्या ज्या मऊ भागातून अन्नरस वाहतो, त्यातून एखादे द्रव्य निघते, पेशीपेशींतून पसरते आणि त्यांना दुभंगण्याची चालना देते, असा निष्कर्ष त्यांनी १९१३ मध्ये मांडला. द्रव्याचे नाव-गाव त्यांना ठाऊक नव्हते. त्याचे अस्तित्व मात्र त्यांनी बटाट्याच्या तुकड्यांतून सिद्ध करून दाखविले.

नवलकोलावर त्यांनी असाच आणखी एक प्रयोग केला. नवलकोल कापला की कापलेल्या भागाखालील पेशी दुभंगून जखम भरू लागतात. हाबरलांट यांनी कापलेला भाग लगेच पाण्याने स्वच्छ धुतला, तेव्हा फारच थोड्या पेशी दुभंगल्या. त्या धुतलेल्या भागावर नवलकोलाचाच ठेचून काढलेला रस लावला, तेव्हा पुन्हा पुष्कळ पेशी दुभंगल्या. जखमी पेशींतून पाझरणारे द्रव्य शेजारच्या धडधाकट पेशींना जागे करते, असे त्यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. कोयत्याचा घाव बसलेल्या बाभळीच्या फांदीवर काही महिन्यांनी फुगीर कडा तयार झालेली खेड्यातील मुले नेहमीच पाहतात. नव्या पेशींनी जखम भरून काढण्याचाच तो प्रकार होय.

१९२३ मध्ये हाबरलांट निवृत्त झाले. त्यांचे चिरंजीव लुडविग हे इन्सब्रुक येथे शरीरविज्ञानाचे संशोधक होते आणि प्राण्यांच्या शरीरातील अशाच प्रेरक द्रव्यांवर ते काम करीत. पिता वनस्पतींत व पुत्र प्राण्यांत जवळजवळ एकाच गोष्टीचा माग काढीत होते. १९३२ मध्ये पित्याच्या हयातीतच पुत्राचा अंत झाला. पुढील वर्षी वृद्ध हाबरलांट यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

१९३९ मध्ये अमेरिकेत व्हाइट यांनी, आणि फ्रान्समध्ये गोत्रे व नोबेकूर यांनी वनस्पतीच्या ऊती काचपात्रात दीर्घकाळ वाढविण्यात यश मिळविले. पहिला प्रयत्न फसल्यास तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती आणि हाबरलांट चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचे निधन ३० जानेवारी १९४५ रोजी, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत, बर्लिन येथे झाले.

ज्या द्रव्याचा माग त्यांनी बटाट्यात काढला होता, त्या जातीचे पहिले द्रव्य १९५५ मध्ये अमेरिकेत शुद्ध रूपात हाती आले. पुढे काही वर्षांनी मक्याच्या कोवळ्या दाण्यांतही तसे द्रव्य सापडले. १९६५ मध्ये तंबाखूच्या एकाच पेशीपासून फुलांनी बहरलेले संपूर्ण रोप तयार झाले. जळगावकडील केळीच्या बागांसाठी प्रयोगशाळेतून येणारी ऊतिसंवर्धित रोपे याच विद्येची होत.

राहिली ती पानातील माळ. तिचे कोडे उसाने सोडविले. हवाई बेटांवरील संशोधकांनी उसाच्या पानाला किरणोत्सर्गी कार्बन असलेला वायू दिला आणि हा कार्बन प्रथम कोणत्या द्रव्यात दिसतो ते पाहिले. इतर वनस्पतींत तो ज्या द्रव्यात प्रथम आढळतो, त्याऐवजी येथे तो चार कार्बनांच्या आम्लांत आढळला. त्यांचा लेख १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे हॅच व स्लॅक या दोघा संशोधकांनी या घडामोडीची साखळी जुळवून दाखविली, आणि थोड्याच काळात माळेचे काम उघड झाले.

पर्णरंध्रांतून आत आलेला कार्बन डायऑक्साइड वायू प्रथम बाहेरच्या फिकट हिरव्या पेशी पकडतात व त्याचे चार कार्बनांचे आम्ल बनवितात. या आम्लाचे रेणू भिंतीतील त्याच सूक्ष्म तंतूंच्या वाटेने आतल्या माळेतील पेशींत जातात. तेथे आम्लातून वायू पुन्हा मोकळा होतो, दाटीने साठतो आणि त्यापासून शर्करेची घडण सुरू होते. उरलेला तीन कार्बनांचा रेणू त्याच वाटेने बाहेरच्या पेशीकडे परततो व पुन्हा नवा वायू घेण्यास सिद्ध होतो. दिवस असेपर्यंत ही येरझार अखंड चालू असते. बाहेरच्या पेशी वायू इतक्या तत्परतेने पकडतात, की पर्णरंध्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी कमी उडून जाते. पाऊस गेल्यावर नुसत्या ओलीवर उभ्या राहणाऱ्या ज्वारीला या रचनेचा मोठा आधार असतो.

उसाच्या पानातही हीच येरझार चालते. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. पती-पत्नींची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. पहाटेच्या थंडीत ती जोडी ऊस बुडख्याशी तोडते, वाढे छाटून जनावरांसाठी बाजूस ठेवते आणि मोळ्या बांधते. मोळीतील उसात वर्षभर भरलेली सारी साखर त्याच वाढ्यांसारख्या हिरव्या पानांतून, माळेच्या पेशी ओलांडून, कांड्यांत उतरलेली असते.